डोमेन "विकत घेतलं" म्हणता, पण ते आहे कोणाच्या नावावर? नवीन लोकांसाठी पहिल्यापासून

वेबसाइट काढायची ठरली की पहिलं काम डोमेन, म्हणजे साइटचं नाव, घ्यायचं, आणि तिथल्या बटणावर लिहिलेलं असतं "बाय नाऊ", त्यामुळे पैसे भरले, मेल आला, झालं नाव आपलं असं सगळ्यांना वाटतं, मलाही पहिली काही वर्षं तसंच वाटायचं. प्रत्यक्षात तुम्ही काहीच विकत घेतलेलं नसतं. एका यादीत ठराविक वर्षांसाठी स्वतःचं नाव लिहून घेतलेलं असतं, एका वेळी जास्तीत जास्त १० वर्षं, आणि मुदत संपायच्या आत परत पैसे भरले तर नाव पुढे चालू, नाही भरले तर खोडलं जातं. भाडेपट्टाच म्हणा ना. आणि या पट्ट्यावर भाडेकरू म्हणून नक्की कोणाचं नाव लिहिलंय ते बहुतेक लोक कधी उघडून बघतच नाहीत, सगळी भांडणं तिथूनच सुरू होतात.

तर डोमेन घेण्यापासून ते सांभाळण्यापर्यंत सगळं सांगतो, पण माझा सगळा रोख एकाच गोष्टीवर राहणार आहे, नोंदीत नाव कोणाचं आणि चावी कोणाच्या खिशात. बाकीचं काय, दोन व्हिडिओ बघून पण येतं.

आधी आत काय चालतं ते

कॉम्प्युटरला नावं कळत नाहीत, त्याला आकडे लागतात, आयपी ॲड्रेस. अर्पानेटच्या, म्हणजे इंटरनेटच्या आधीच्या नेटवर्कच्या काळात कुठल्या नावाचा आकडा कुठला याची एकच फाइल होती, होस्ट्स डॉट टीएक्सटी, ती कॅलिफोर्नियातल्या स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये सांभाळली जायची आणि बाकीचे सगळे तिथून उतरवून घ्यायचे. नवीन मशीन जोडलं की तिथे कळवायचं, मग तिथला माणूस फाइलमध्ये एक ओळ वाढवणार. मशिनं वाढत गेली तसं हे प्रकरण आवरेना, मग १९८३ मध्ये पॉल मोकापेट्रिस यांनी डीएनएस, म्हणजे डोमेन नेम सिस्टिम, मांडलं. त्यातली मुख्य आयडिया अशी की पूर्ण यादी कोणाकडेच ठेवायची नाही, ती वाटून टाकायची, ज्याचा भाग त्याने सांभाळायचा.

म्हणजे कसं ते बघा. समजा तुम्ही ब्राउझरमध्ये "माझंनाव डॉट कॉम" टाकलं. नाव आपण डावीकडून वाचतो पण डीएनएस ते उजवीकडून वाचतं, आधी कॉम, मग माझंनाव. तुमचा फोन एका रिझॉल्व्हरला, म्हणजे आकडा शोधून आणणाऱ्या सर्व्हरला विचारतो, तो सहसा तुमच्या इंटरनेटवाल्याचा असतो किंवा गूगलचा, क्लाउडफ्लेअरचा. त्याच्याकडे उत्तर नसेल तर तो रूट सर्व्हरकडे जातो. या रूट सर्व्हरना ए पासून एम पर्यंत १३ नावं आहेत, १२ संस्था ते चालवतात, आणि १३ म्हणजे १३ डबे नव्हेत बरं का, प्रत्यक्षात जगभर दीड हजारापेक्षा जास्त ठिकाणी त्यांच्या प्रती चालू असतात. रूट म्हणतो, माझंनाव बिझनाव मला माहीत नाही, पण डॉट कॉमवाले कुठे बसतात ते सांगतो. डॉट कॉमवाले म्हणतात, आकडा आमच्याकडे नाही, पण या नावाचे नेमसर्व्हर हे हे आहेत, त्यांना विचार. नेमसर्व्हर शेवटी आकडा देतो आणि पान उघडतं. एवढी सगळी विचारपूस डोळ्याची पापणी लवायच्या आत होते, आणि झाली की रिझॉल्व्हर ते उत्तर स्वतःकडे काही वेळ जपून ठेवतो. किती वेळ, तर उत्तरासोबत टीटीएल नावाचा आकडा येतो, सेकंदात, ३६०० असेल तर एक तास. हा टीटीएल लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

यात एक गोष्ट सहज निसटते. तुमची वेबसाइट, तुमचे फोटो, तुमचा मजकूर यातलं डॉट कॉमवाल्यांकडे काहीच नसतं, त्यांच्याकडे फक्त एक ओळ असते, की हे नाव अमुक नेमसर्व्हरकडे पाठवा. ती ओळ बदलायचा हक्क ज्याच्याकडे, डोमेन त्याचं. बाकी लोगो, डिझाइन, होस्टिंगची (साइट ठेवायच्या जागेची) बिलं तुमच्या नावावर असली तरी काही उपयोग नाही.

साखळीत कोण कोण बसलंय

सगळ्यात वर आयकॅन, नावं आणि आकड्यांची ही सगळी व्यवस्था बघणारी, १९९८ मध्ये स्थापन झालेली कॅलिफोर्नियातली ना-नफा संस्था. त्याआधी हे काम बऱ्याच अंशी जॉन पोस्टेल नावाचा एक माणूस सांभाळत होता, खरंच एक माणूस. नंतरही बरीच वर्षं अमेरिकन सरकारचा एक करार या कामावर होता, तो १ ऑक्टोबर २०१६ ला संपला. आयकॅनच्या खाली रजिस्ट्री, म्हणजे एकेका शेपटीची (नावातल्या शेवटच्या डॉटनंतरच्या तुकड्याची) मूळ वही सांभाळणारे, डॉट कॉम आणि डॉट नेट व्हेरिसाइनकडे, डॉट ऑर्ग पब्लिक इंटरेस्ट रजिस्ट्रीकडे. त्यांच्या खाली रजिस्ट्रार, ज्यांच्या वेबसाइटवर आपण पैसे भरतो. रजिस्ट्रारच्या खाली कधीकधी रिसेलर. आणि तळाला तुम्ही, त्यांच्या भाषेत रजिस्ट्रंट.

मग मालक कोण? खरं सांगायचं तर कोणीच नाही, आणि हे मी हवेत बोलत नाहीये. अमेरिकेतले दोन निकाल शेजारी ठेवून बघा. २००० मध्ये व्हर्जिनियाच्या सर्वोच्च न्यायालयासमोर उम्ब्रो कंपनीचं प्रकरण आलं, त्यांना एका कर्जदाराची डोमेन नावं जप्त करून विकायची होती, कोर्ट म्हणालं नाही, डोमेन म्हणजे सेवेच्या करारातून मिळालेला हक्क आहे, ती अशी जप्त करायची वस्तू नाही. आणि २००३ मध्ये दुसऱ्या एका कोर्टाने बरोबर उलटं सांगितलं. ते सेक्स डॉट कॉमचं गाजलेलं प्रकरण. गॅरी क्रेमन यांनी ते नाव १९९४ मध्ये नोंदवलं होतं, १९९५ मध्ये स्टीफन कोहेन नावाच्या माणसाने नोंदणी करणाऱ्या नेटवर्क सोल्युशन्स कंपनीला एक बनावट पत्र पाठवून ते स्वतःकडे वळवून घेतलं, एका पत्रावर! तिथे फेडरल अपील कोर्टाने म्हटलं की डोमेन ही मालमत्ता आहे आणि ती चुकीच्या माणसाच्या हातात दिली तर देणाऱ्यावर जबाबदारी येऊ शकते. म्हणजे चोराच्या बाबतीत ती तुमची मालमत्ता धरली जाऊ शकते, पण नोंदणी करून देणाऱ्याच्या बाबतीत तुम्ही करारातले एक ग्राहक. हे डोक्यात बसलं की पुढच्या सगळ्या पायऱ्या आपोआप समजतात.

पायरी १ : शेपटी निवडताना मागे कोण आहे ते बघा

नाव काय ठेवायचं यावर मी जास्त बोलणार नाही, छोटं ठेवा, फोनवर सांगितलं तर समोरच्याला स्पेलिंग विचारावं लागू नये असं ठेवा, मधे डॅश नको. दोन डॉटच्या मधला तुकडा ६३ अक्षरांपर्यंत चालतो पण म्हणून कोणी तेवढा घेऊ नये. देवनागरीत पण नाव मिळतं, आतमध्ये त्याचं एक्सएन आणि दोन डॅश अशा सुरुवातीच्या विचित्र इंग्रजी अक्षरांत रूपांतर होतं, त्यामुळे काही जुन्या फॉर्ममध्ये आणि मेलमध्ये अडकतं, हौस म्हणून जोडीला घ्या पण मुख्य नाव म्हणून दोनदा विचार करा.

शेपटीवर मात्र थांबायला हवं. दोन अक्षरी शेपट्या म्हणजे देशांच्या. डॉट टीव्ही टेलिव्हिजनवरून आलेलं नाही, ते तुवालू नावाच्या बेटांच्या देशाचं आहे, डॉट एआय अँग्विलाचं, डॉट आयओ ब्रिटिश हिंदी महासागर प्रदेशाचं. दिसायला झकास, पण तिथले नियम तो देश ठरवतो, आयकॅनचे ग्राहक-संरक्षणाचे बरेच नियम तिथे लागूच होत नाहीत. २०१० मध्ये लिबियाच्या डॉट एलवाय रजिस्ट्रीने व्हीबी डॉट एलवाय नावाची लिंक लहान करून देणारी साइट बंद केली, का तर तिथल्या कायद्यात बसत नाही. २०२४ मध्ये अफगाणिस्तानच्या डॉट एएफवरचं क्वीअर डॉट एएफ हे नाव तालिबान सरकारने असंच बंद केलं. ब्रेक्झिटनंतर २०२१ च्या सुरुवातीला ब्रिटनमधल्या हजारो लोकांची डॉट ईयू नावं थांबली, कारण पत्ता युरोपियन युनियनमधला उरला नाही, यात त्या बिचाऱ्यांची काय चूक? युगोस्लाव्हिया गेला तसं डॉट वाययू पण २०१० मध्ये रूटमधून काढून टाकलं. उलट सोव्हिएत युनियनचं डॉट एसयू अजून जिवंत आहे, त्यामुळे देश बुडाला की शेपटी बुडतेच असंही नाही. डॉट आयओबद्दल २०२४ पासून चर्चा आहे, ब्रिटनने ती बेटं मॉरिशसला द्यायचं जाहीर केल्यापासून.

मग लांबलचक नवीन शेपट्या, डॉट शॉप, डॉट ऑनलाइन वगैरे, २०१२ मध्ये आयकॅनने अर्ज मागवले त्यातून बारा-तेराशे तरी आल्या. यांचा तोटा म्हणजे पहिलं वर्ष जवळजवळ फुकट आणि दुसऱ्या वर्षी बिल बघून चक्कर. रिन्यू करायची किंमत वाढवायला त्यांना वरची मर्यादा नाही, फक्त रजिस्ट्रारना ६ महिने आधी कळवायचं असतं. म्हणून घेताना पहिल्या वर्षाची किंमत बघूच नका, "रिन्यूअल" असं बारीक अक्षरात कुठे लिहिलंय ते शोधा. आणि फुकट शेपट्यांच्या मागे लागू नका. पूर्वी डॉट टीके वगैरे फुकट मिळायची, त्यात नोंदीमध्ये मालक म्हणून ती नावं फुकट देणारी कंपनीच असायची, तुम्हाला फक्त वापरायची परवानगी. २०२३ मध्ये तिथली नवीन नोंदणीच बंद झाली.

माझं मत विचाराल तर डॉट कॉम, डॉट ऑर्ग किंवा तुम्ही जिथे राहता त्या देशाची शेपटी, संपलं. डॉट ऑर्ग पण अगदी निर्धास्त आहे असं नाही, २०१९ मध्ये त्याची अख्खी रजिस्ट्री एका खाजगी गुंतवणूक कंपनीला विकायचा घाट घातला होता, संस्थांनी जगभर आरडाओरडा केला आणि ३० एप्रिल २०२० ला आयकॅनने नकार दिला.

पायरी २ : नोंदणी, आणि इथेच सगळे फसतात

रजिस्ट्रार निवडताना आयकॅनची मान्यता आहे का ते बघा, त्यांची यादी उघड असते. याचं कारण २००७ मध्ये दिसलं, रजिस्टरफ्लाय नावाचा एक रजिस्ट्रार कोसळला, हजारो लोकांची नावं मधेच लटकली आणि आयकॅनला त्याची मान्यता काढून सगळी नावं दुसरीकडे हलवावी लागली. आता रजिस्ट्रारना ग्राहकांच्या नोंदींची प्रत तिसऱ्याकडे ठेवावी लागते, त्यामुळे उद्या त्याने शटर ओढलं तरी तुमचं नाव कुठेतरी लिहिलेलं सापडतं. अर्थात "तुमचं" लिहिलेलं असेल तर.

तर फॉर्म भरताना चार कप्पे दिसतील, रजिस्ट्रंट, ॲडमिन, टेक्निकल, बिलिंग, हल्ली काही ठिकाणी कमी केलेत. रजिस्ट्रंट आणि ॲडमिन सोडून बाकीच्यात कोणाचंही नाव टाका, फारसं बिघडत नाही. रजिस्ट्रंटच्या कप्प्यात मात्र तुमचं किंवा तुमच्या संस्थेचं खरं नाव, खरा पत्ता आणि चालू असलेला मेल. डोमेनचा सातबारा म्हणजे हा कप्पा. ऑर्गनायझेशनची ओळ भरली तर सहसा ती संस्थाच धारक धरली जाते, म्हणून गंमत म्हणून तिथे काहीही टाइप करू नका.

वेबसाइट करून देणारा म्हणतो, "तुम्ही कशाला त्रास घेताय, डोमेन मी घेतो, बिलात लावून टाकतो." बहुतेक वेळा त्याच्या मनात काही नसतं, त्याचं खातं आधीच उघडलेलं असतं, दोन मिनिटांत काम होतं. माझ्या एका मित्राच्या बाबतीत असंच झालं, ६ वर्षं सगळं सुरळीत, मग त्या मुलाने धंदा बदलला, फोन बदलला. मित्राकडे सगळी बिलं होती, एकूण एक. रजिस्ट्रारला लिहिलं तर उत्तर आलं की आमच्या नोंदीप्रमाणे धारक दुसरे आहेत, आम्ही त्यांच्याशीच बोलू शकतो. आणि त्यांचं चूक नव्हतं, तुम्हाला आवडलं असतं का कोणीही बिल दाखवून तुमचं नाव घेऊन गेलेलं? शेवटी ओळखीतून ओळख काढत तो मुलगा सापडला, त्याला तर आठवतही नव्हतं, पाच मिनिटांत नाव हलवायचा कोड देऊन मोकळा झाला. त्या पाच मिनिटांसाठी ४ महिने गेले होते.

म्हणून खातं तुम्ही उघडा, नाव तुम्ही घ्या, आणि करून देणाऱ्याला त्या खात्यात मर्यादित प्रवेश द्या, बऱ्याच ठिकाणी ती सोय असते. नसेल तर त्याला विचारा कुठला रेकॉर्ड टाकायचाय आणि स्वतः टाका, पाचवी पायरी त्याचीच आहे.

आता मेलबद्दल, यात मी स्वतः तोंडावर आपटलोय. माझ्या रजिस्ट्रारच्या खात्याला मी मेल कुठला दिला होता, तर त्याच डोमेनवरचा, दिसायला रुबाबदार म्हणून. ऑटो रिन्यू चालू होतं पण कार्डाची मुदत संपलेली, पैसे कटले नाहीत, सूचना आल्या त्या मी "नंतर बघू" म्हणून सोडल्या, आणि एका शुक्रवारी डोमेन बंद. डोमेन बंद म्हणजे त्यावरचे मेल बंद. पासवर्ड आठवेना म्हणून "फरगॉट पासवर्ड" दाबलं, रीसेटची लिंक गेली त्याच मेलवर, जो बंद आहे. पेटीची किल्ली पेटीतच! ओळखपत्रं पाठवून, स्वतःच्याच नावाची विनवणी करून ते परत मिळवायला ९ दिवस लागले. तर खात्याचा मेल नेहमी दुसरीकडचा ठेवा, आणि तो असा ठेवा जो तुम्ही रोज उघडता.

नोंदणी झाली की त्या मेलवर एक लिंक येते, "तुमचा मेल खरा आहे का ते सांगा". कचरा समजून टाकू नका. १५ दिवसांत ती दाबली नाही तर रजिस्ट्रार नाव बंद ठेवू शकतो, आणि नवीन साइट अचानक गायब झाली म्हणून होस्टिंगवाल्याशी भांडत बसणाऱ्यांत या लिंकवाले बरेच असतात.

पायरी ३ : कुलूप

खात्याला टू फॅक्टर, म्हणजे पासवर्डनंतर दुसरा कोड मागणारी सोय, लावा, शक्यतो ॲपवालं, एसएमएसवालं नको, कारण सिम दुसऱ्याच्या नावे काढून ओटीपी पळवतात. डोमेनच्या पानावर "ट्रान्सफर लॉक" असेल ते चालू आहे ना बघा. ऑटो रिन्यू चालू करा आणि तरीही कॅलेंडरमध्ये मुदतीच्या २ महिने आधीची आठवण लावा, कार्ड संपतात, वर माझंच उदाहरण आहे. महत्त्वाचं नाव असेल तर सरळ ५-१० वर्षांचे पैसे एकदम भरा. प्रायव्हसीचा पर्याय मिळत असेल तर घ्या, त्याने लोकांना तुमचा पत्ता दिसत नाही, पण आतल्या नोंदीत धारक तुम्हीच राहता, ते बघून घ्या.

पायरी ४ : नोंद उघडून बघा

हे ज्यांचं डोमेन आधीच आहे त्यांनी तर आत्ताच करा. पूर्वी यासाठी हूइज नावाची सोय होती, आता आरडॅप आलंय, जानेवारी २०२५ पासून डॉट कॉमसारख्या शेपट्यांना हूइज चालवायची सक्तीच राहिली नाही. आयकॅनच्या वेबसाइटवर लुकअपचं पान आहे, तिथे नाव टाका. २०१८ मध्ये युरोपचा खाजगी माहिती जपणारा जीडीपीआर कायदा आल्यापासून माणसांची नावं बहुतेक झाकलेली दिसतात, घाबरू नका, तरी पण तीन गोष्टी दिसतात. एक, रजिस्ट्रारचं नाव, ते तुम्हाला ओळखीचं वाटतंय का? बऱ्याच जणांना इथेच धक्का बसतो, कारण ते पैसे भरतात होस्टिंगवाल्याकडे आणि इथे भलतंच कोणीतरी. दोन, मुदत कधी संपते ती तारीख. तीन, स्टेटस, तिथे ट्रान्सफर प्रोहिबिटेड असं काहीतरी दिसलं तर ते चांगलं आहे, कुलूप लागलंय. क्लाएंट होल्ड दिसलं तर रजिस्ट्रारने नाव थांबवलंय. झाकलेला धारक कोण हे मात्र फक्त खात्यात शिरूनच कळतं, आणि खात्याचा पासवर्ड तुमच्याकडे नसेल तर उत्तर तुम्हाला मिळालंच की.

पायरी ५ : नाव साइटला जोडणं

डोमेन आणि होस्टिंग या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, दोन्ही एकाच ठिकाणी घेतले की सोपं पडतं, पण मी वेगवेगळेच ठेवतो, होस्टिंगवाल्याशी वाजलं तर नाव तरी आपल्या हातात राहतं.

जोडायचे दोन मार्ग. एक म्हणजे नेमसर्व्हरच बदलायचे, म्हणजे सगळा कारभार होस्टिंगवाल्याच्या हातात. दुसरा म्हणजे नेमसर्व्हर आहेत तिथेच ठेवून फक्त रेकॉर्ड बदलायचे. ए रेकॉर्ड म्हणजे नावाला आकडा, चौपट ए म्हणजे आयपीव्ही६ चा लांब आकडा, सीनेम म्हणजे "हे नाव म्हणजे ते नाव" (हा मुख्य नावावर टाकता येत नाही, डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यूसारख्या उपनावावर चालतो), एमएक्स म्हणजे मेल कोणाकडे द्यायचे, टीएक्सटी म्हणजे मोकळा मजकूर, त्यात मेल खरा आहे हे सिद्ध करणारा एसपीएफ वगैरे बसतो. एसपीएफची ओळ एकच ठेवा, दोन टाकल्या तर दोन्ही बाद.

नवीन माणसाची हमखास चूक म्हणजे साइट हलवताना नेमसर्व्हर बदलतो, साइट मस्त उघडते, पेढे वाटून होतात, आणि दोन दिवसांनी लक्षात येतं की मेल येईनासे झालेत. कारण जुन्या ठिकाणी एमएक्स आणि टीएक्सटी होते, नव्या ठिकाणी ते कोणी लिहिलेच नाहीत. नेमसर्व्हरला हात लावायच्या आधी जुन्या सगळ्या रेकॉर्डचा स्क्रीनशॉट काढा आणि नव्या जागी आधीच भरून ठेवा.

आणि ते "४८ तास थांबा" जे सगळे सांगतात त्याचं मूळ असं की डॉट कॉमच्या सर्व्हरवर नेमसर्व्हरच्या नोंदीचा टीटीएल १,७२,८०० सेकंद असतो, म्हणजे बरोबर २ दिवस, तेवढा वेळ कुठला तरी रिझॉल्व्हर जुनंच उत्तर देत राहू शकतो. नुसता ए रेकॉर्ड बदलत असाल तर मात्र तुमचा टीटीएल तुमच्या हातात आहे, बदलायच्या आदल्या दिवशी तो ३०० करून ठेवा, मग काम पाच मिनिटांचं.

पायरी ६ : मुदत संपलीच तर

डॉट कॉमसारख्या नावांचं साधारण असं चालतं. संपायच्या सुमारे महिनाभर आधी आणि आठवडाभर आधी रजिस्ट्रारने कळवायचं असतं, आणि संपल्यावर ५ दिवसांत परत एकदा. संपल्यावर रजिस्ट्रारच्या मर्जीने ० ते ४५ दिवस नेहमीच्या पैशात रिन्यू करता येतं, पण याच काळात काही जण तुमचं नाव लिलावाला पण लावतात, म्हणून ४५ दिवस आहेत असं समजून निवांत बसू नका. मग ३० दिवस रिडेम्प्शन, यात नाव मिळतं पण दंडासकट, आणि दंड चांगलाच असतो. मग ५ दिवस पेंडिंग डिलीट, तेव्हा कोणीच काही करू शकत नाही. मग नाव सगळ्यांना मोकळं, आणि ते उचलायला माणसं नाही, प्रोग्राम टपून बसलेले असतात.

मोठ्यांचं पण होतं हे. १९९९ च्या नाताळात मायक्रोसॉफ्ट पासपोर्ट डॉट कॉमचे पैसे भरायला विसरली, हॉटमेलचं लॉगिन त्यावर चालायचं, लोकांना मेल उघडेनात, शेवटी एका लिनक्सवाल्या प्रोग्रामरने स्वतःच्या कार्डाने ३५ डॉलर भरून टाकले.

पायरी ७ : रजिस्ट्रार बदलायचा असेल

हे सोपं आहे, फक्त नवीन नोंदणीनंतर किंवा आधीच्या ट्रान्सफरनंतर ६० दिवस सहसा हलवता येत नाही. लॉक काढा, कोड मागा (त्यांना तो ५ दिवसांत द्यावाच लागतो), नव्या ठिकाणी कोड टाका, जुना रजिस्ट्रार गप्प बसला तरी ५ दिवसांनी नाव आपोआप जातं. डॉट कॉमला यात एक वर्ष मुदतीत वाढून मिळतं, म्हणजे पैसे वाया जात नाहीत. हा कोड म्हणजे घराची किल्ली, तो व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर टाकू नका, टाकलेला बघितलाय मी.

अजून दोन किरकोळ गोष्टी. तुमच्या डोमेनची मुदत संपतेय म्हणून अनोळखी कंपनीचं बिलासारखं पत्र किंवा मेल आला तर पायरी ४ मध्ये दिसलेल्या रजिस्ट्रारच्या नावाशी ते नाव जुळवा, जुळलं नाही तर फेकून द्या, ते सही घेऊन नाव स्वतःकडे ओढायचे धंदे असतात. आणि दुसऱ्याच्या ब्रँडचं नाव अडवून नंतर विकू असा विचार असेल तर १९९९ पासून यूडीआरपी नावाची पद्धत आहे, नाव ट्रेडमार्कशी मिळतंजुळतं, तुमचा त्यावर वाजवी हक्क नाही आणि हेतू वाईट, या तिन्ही गोष्टी दाखवल्या की कोर्टात न जाता नाव काढून घेतात.

राहिली शेवटची पायरी, जी माझ्या ९ दिवसांनंतर मी केली. घरात डायरी आहे, तिच्या शेवटच्या पानावर प्रत्येक डोमेनपुढे रजिस्ट्रारचं नाव, खात्याचा मेल आणि मुदतीची तारीख लिहिलीये, पासवर्ड नाही, तो कुठे ठेवलाय ते बायकोला माहितीये. परवा तिने ते पान उघडून विचारलं, "हे एक आपण वापरतच नाही ना, मग दर वर्षी पैसे का भरतो?" तीन वर्षं झाली भरतोय.